वीतभर सांडवा

माझ्या सासूबाईंचे माहेर नवेगावबांधच्या बाजूचे, म्हणजे धानाच्या आणि तलावांच्या मुलखातले. आणि सासर आर्वी तालुक्यातले, म्हणजे कापसाच्या आणि विहिरींच्या मुलखातले. दोन्ही गावे विदर्भातलीच, पण पाण्याच्या बाबतीत एकमेकांना परकी. तिकडे पाणी डोळ्यांसमोर असते, इकडे ते खोलातून काढावे लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले, कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हटले जाऊ लागले आणि लोकांनी त्याचे 'मामा तलाव' केले. या तलावांच्या व्यवस्थेत इंजिन नाही आणि मोटही नाही. जमिनीचा उतार ओळखून पाळ घातलेली आणि जादा पाण्याला सांडवा ठेवलेला, एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या धान पिकले. सासूबाईंचे बालपण अशाच एका सांडव्याच्या कडेला गेले.

आता त्या त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही नजर अंधुकच राहिली, पण कान शाबूत आहेत. मागच्या ओसरीतल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून त्या दिवसभर आवाज ओळखत असतात: कोणाचा ट्रॅक्टर गेला, कोणाची मोटर सुरू झाली, चिंचेवर कोणता पक्षी आला. एका उन्हाळ्यात त्या सहज म्हणाल्या, "पोरी, साठ वरसं झाले, या गावात पाणी पडल्याचा आवाज फक्त पावसाचाच आयकला." त्या वाक्यामुळे मी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, छोटे तळे करायचे ठरवले, आणि तळ्याच्या डोक्यावर एक लहानसा सांडवा.

खोदकामाविषयी फार लिहीत नाही. आमची जमीन काळी आहे. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, म्हणून नुसत्या सिमेंटचे टाके तिच्यात टिकत नाही. शेततळ्याला अंथरतात तो पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आम्ही वापरला. आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि मध्यभागी दोन फूट खोल असा खड्डा. कडेला झाडांच्या कुंड्यांसाठी पायरी. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास पाणी मावते, त्या हिशेबाने पायरी वजा जाता तळ्यात सुमारे बावीसशे लिटर पाणी बसते. एका टोकाला दगड रचून चार फूट उंचीवर दगडाची एक सपाट फाडी बसवली, तिच्यावरून पाणी पडावे म्हणून. हे सगळे पंधरा दिवसांत झाले. पंपाला मात्र तीन महिने लागले, आणि लिहायचे आहे ते त्या तीन महिन्यांविषयी.

विदर्भातल्या बहुतेक घरांत पाण्यात बुडवून चालवायचा एक पंप असतोच, फक्त त्याला कोणी सबमर्सिबल म्हणत नाही: तो कूलरचा पंप. मार्च उजाडला की माळ्यावरून कूलर उतरतो, खसच्या ताट्या बदलल्या जातात आणि अठरा-वीस वॅटचा तो मुठीएवढा पंप पुन्हा पाण्यात बसतो. आम्हीही सुरुवात त्याच्यापासून केली. कूलरमध्ये तो पाणी दोन-अडीच फूट उचलतो, तेव्हा भरपूर वाटते. चार फुटांवर नेल्यावर मात्र पंधरा लिटरची बादली भरायला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला. पाणी फाडीच्या कडेवरून पडलेच नाही, तिच्या खालच्या अंगाला चिकटून निमूटपणे दगडांत उतरून गेले. आवाज काहीच आला नाही.

मग तालुक्याच्या गावी गेले. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो हॉर्सपॉवरचा. आमच्याकडे पंपाची ओळखच तशी होते, आणि त्याला कारण आहे. विहीर पन्नास-साठ फूट खोल, बोअर त्याहून कितीतरी खोल, लाइन शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. तिथे तीन हॉर्सपॉवर की पाच, यावर वर्षाचे पीक ठरते. ज्या माणसाने आयुष्यभर खोलातले पाणी वर काढले, त्याला मोठा पंप हा आधार वाटतो. माझे दीरही बरोबर होते. ते म्हणाले, "वहिनी, अर्ध्या एचपीच्या खाली कायले जाता? पुढं बगिचाले लावता येईन." मी अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप घेऊन आले.

त्या पंपाने पाणी फाडीवरून पडले नाही, झेपावले. तळ्याच्या काठापलीकडे शिंतोड्यांचा चिखल झाला, तासाभरात पाणी चार बोटे खाली गेले आणि कमळाच्या दोन कोवळ्या पानांच्या देठांना पीळ पडला. शिवाय मोटर तापू लागली. याचे कारण मला नंतर समजले, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. जो सेंट्रिफ्युगल, म्हणजे आतले चक्र फिरवून पाणी फेकणारा, पंप उंचावर पाणी चढवण्यासाठी घडवलेला असतो, त्याला अगदीच कमी उंचीवर मोकळे सोडले तर तो ठरवल्यापेक्षा खूप जास्त पाणी फेकतो, आणि जास्त पाणी फेकायला जास्त करंट ओढतो. आपल्याला वाटते की चार फूट उचलणे म्हणजे त्याला हलके काम. प्रत्यक्षात मोटरवर ताण येतो. पंप चांगलाच होता, फक्त तो दुसऱ्या कामाचा होता. तो आता दिरांच्या टाक्यावर आहे आणि उत्तम चालतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दाब, उंची आणि प्रवाह शिकवताना मी मोजून दाखवते, मग घरच्या तळ्यासाठी मोजल्याशिवाय पंप का आणला, हे मनाला लागून राहिले. एका रविवारी मी उलट बाजूने सुरुवात केली. पंप किती मोठा हवा, हे विचारण्याऐवजी पाणी किती हवे, ते आधी ठरवायचे. आणि ते ठरवण्याचा अधिकार बंगईवरच्या कानांचा. विहिरीवरच्या मोटरची एक लाइन सांदवाडीतल्या झाडांसाठी आलेली आहे. तिचा पाइप फाडीच्या मागे सोडला, कडेला दोन दगड दाबून फाडीची तोंडाची रुंदी एक वीत केली आणि कॉक पूर्ण उघडला. सासूबाईंनी क्षणभर ऐकले आणि हात हलवला: "हे त मोटरचं पाणी होय." कॉक थोडा दाबला; तरी मान हलली नाही. आणखी दाबला, तेव्हा पाणी पुन्हा दगडाला चिकटायला लागले आणि आवाज तुटला. मग जरासा उघडला. त्या काही बोलल्या नाहीत, पण बंगईचा झोका थांबला होता. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "एवढंच ठेव, पोरी. आमच्या सांडव्यावर सरावनात असंच राहे."

मी कॉकला हात न लावता फाडीखाली पंधरा लिटरची बादली धरली आणि मोबाइलवर वेळ मोजली. तीन वेळा मोजले: अठरा, सतरा आणि एकोणीस सेकंद. अठरा सेकंदांना पंधरा लिटर म्हणजे मिनिटाला पन्नास आणि तासाला तीन हजार लिटर. नंतर वाचनात आले की धबधब्याच्या कडेच्या प्रत्येक सेंटिमीटर रुंदीला तासाला सुमारे दीडशे लिटर पाणी लागते, असा या कामातल्या लोकांचा ठोकताळा आहे. माझी वीत वीस सेंटिमीटरांची. तिला दीडशेने गुणले की तीन हजारच येतात. सासूबाईंचे कान आणि तो ठोकताळा एकाच आकड्यावर येऊन थांबले, याचा मला झालेला आनंद सांगता येणार नाही.

तीन हजार लिटर हा आकडा हाती आला, पण पंपाच्या खोक्यावर तो शोधून चालत नाही. खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: तासाला जास्तीत जास्त किती लिटर, आणि जास्तीत जास्त किती मीटर हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची. हे दोन्ही एकाच वेळी कधीच खरे नसतात. पहिला आकडा असतो पाणी अजिबात उचलायचे नसताना. दुसरा आकडा म्हणजे ज्या उंचीवर पाणी पाइपात नुसते उभे राहते आणि एक थेंबही बाहेर पडत नाही ती उंची. आपले काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि तिथे पंप किती पाणी देतो, हे खोक्यातल्या कागदावरच्या उतरत्या रेषेवरून वाचावे लागते. ज्या पंपासोबत ती रेषा किंवा तसे कोष्टक मिळत नाही, तो पंप घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेड मोजतानाही एक गैरसमज मी अनेकांच्या तोंडून ऐकला, की पंप दोन फूट खोल ठेवला म्हणजे उंची दोन फुटांनी वाढली. तसे होत नाही. पंप पाण्यात कितीही खाली असला तरी पृष्ठभागापर्यंत पाणी आपोआपच असते. मोजायचे ते पाण्याच्या पातळीपासून फाडीच्या कडेपर्यंत. आमच्याकडे ते चार फूट, म्हणजे एक मीटर वीस सेंटिमीटर. पण पाणी पाइपातून जाताना घासते आणि त्या घर्षणाचीही उंचीच मोजावी लागते. इथे पाइपाची जाडी फार महत्त्वाची ठरते. तासाला तीन हजार लिटर पाणी आतून एक इंच व्यासाच्या सहा मीटर पाइपातून नेले, तर सुमारे पाऊण मीटर हेड नुसते घर्षणात जाते, आणि तीन एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, असले की ते एक मीटरवर पोचते. तेच पाणी दीड इंची पाइपातून नेले तर सहा मीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर. म्हणजे पाइपावर थोडे अधिक पैसे घातले की पंप लहान घेता येतो, आणि पाइपाचा खर्च एकदाच असतो, विजेचा दर महिन्याला. आम्ही दीड इंची पाइप घेतला, काटकोनातले एल्बो टाळून तो दगडांमागून मोठ्या वळणाने नेला आणि एकूण हेड एक मीटर चाळीस सेंटिमीटर धरले.

नागपूरला मत्स्यालयाचे साहित्य मिळते अशा एका दुकानात जाऊन मी एवढेच सांगितले: एक मीटर चाळीसवर तासाला तीन हजार लिटर. दुकानातल्या मुलाने कागद उघडला, रेषेवर बोट फिरवले आणि जो पंप काढून दिला त्याच्या खोक्यावर पाच हजार लिटर आणि तीन मीटर असे छापलेले होते. वीज लागते सत्तर वॅट. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बाहेरच पावणेचारशे वॅटचे काम देते आणि त्यासाठी विजेकडून त्याहून बरेच जास्त ओढते. तिच्या शेजारी हे सत्तर वॅट ठेवून पाहिले की हॉर्सपॉवर विचारून पंप घेतल्याची किंमत कळते. चोवीस तास चालवला तरी दिवसाला पावणेदोन युनिटांच्या आतच.

त्या दुकानात दोन जातींचे पंप होते. एकात मोटरचा दांडा सीलमधून बाहेर येऊन इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारे चक्र, फिरवतो आणि मोटरच्या कोठीत तेल भरलेले असते. असा पंप जोरकस असतो, पण सील झिजले की ते तेल तळ्यात उतरते आणि मासे मरू शकतात. दुसऱ्यात इम्पेलर चुंबकालाच जोडलेला असतो आणि मोटरची गुंडाळी रेझिनमध्ये कायमची बंद केलेली असते. सील नाही, तेल नाही. मासे असतील तर दुसराच घ्यावा. आमच्या विहिरीचे पाणी जड आहे. कूलरच्या जाळीवर जमतो तसाच पांढरा थर या पंपाच्या चुंबकावरही जमतो. दर दोन महिन्यांनी मी तो भाग ओढून बाहेर काढते, लिंबाच्या रसात रात्रभर ठेवते आणि जुन्या दातघासणीने पुसते. पंप तळाच्या गाळात ठेवलेला नाही. दोन विटांवर, भोके पाडलेल्या बादलीत, भोवती गिट्टी घालून आणि बादलीला मच्छरदाणीचे कापड गुंडाळून ठेवला आहे. कापड हवेच, कारण आमच्या तळ्यात गप्पी मासे आहेत. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर आपण वाचलेली आहे. गप्पीची मादी अंडी घालत नाही, पिल्लेच देते, आणि ती पिल्ले जिऱ्याएवढी असतात.

विजेविषयी मी कळकळीने सांगेन. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यात लहान मुले असतात. तळे म्हणजे पाण्याची मोठी टाकी, ओली माती आणि अनवाणी पाय. आमच्या वायरमनने तळ्यासाठी वेगळी लाइन काढली, स्वतंत्र अर्थिंग दिले आणि तीस मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. त्याचे चाचणीचे बटण मी महिन्यातून एकदा दाबून पाहते. पंप वायरला धरून उचलायचा नाही, त्याला नायलॉनची दोरी बांधलेली आहे. आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचे नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना आहे. ज्यांच्याकडे अर्थिंगची खात्री नाही त्यांनी बारा किंवा चोवीस व्होल्टचा पंप घ्यावा.

पंप बसल्यावर सासूबाईंनी विचारले, "याले पानी किती लागन?" चैत्र-वैशाखात गावातल्या विहिरी तळ गाठतात, तेव्हा हा प्रश्न विचारायलाच हवा. तेच पाणी फिरते हे खरे, पण काही उडून जातेच. मी काठाला पट्टी लावून मे महिन्यात आठ दिवस पाहिले: पंप बंद असलेल्या दिवशी पातळी आठ मिलिमीटर उतरली, सुरू असलेल्या दिवशी बारा. आमच्या तळ्याला बारा मिलिमीटर म्हणजे साडेतीन बादल्या. खोलीतला कूलर दिवसभरात याच्या दुपटीहून अधिक पाणी पितो. त्या साडेतीन बादल्या आता आम्ही अंगणात सडा टाकायचे पाणी निम्मे केले त्यातून येतात. माझ्या मनाला हे पटले म्हणूनच तळे उन्हाळ्यातही भरलेले ठेवले आहे.

दिरांनी सोलरचा पर्याय सुचवला होता. आमच्या शिवारात आता विहिरी-विहिरींवर सौर पॅनल दिसतात, आणि शेतीला दिवसा पाणी मिळणे ही शेतकऱ्याच्या झोपेची गोष्ट आहे. पण तळ्याची गरज वेगळी. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तीस अंशांना साडेसात. दिवसा पाण्यातल्या वनस्पती तो तयार करतात, रात्री त्याही श्वास घेऊन तो वापरतात. त्यामुळे माशांना सर्वांत जास्त ओढ लागते ती पहाटे, उजाडायच्या आधी. आणि बॅटरीशिवायचा सौर पंप नेमका तेव्हा बंद असतो. शोभेसाठी लोक धबधबा संध्याकाळी पाहुण्यांसमोर चालवतात आणि झोपताना बंद करतात. उन्हाळ्यात मासे असलेल्या तळ्यात तो रात्रीच चालायला हवा. मी अजून बॅटरी घेतलेली नव्हती, कारण आमच्या गावठाणातली लाइन रात्री सहसा जात नाही.

गेल्या मे महिन्यात एका रात्री ती गेली. मला जाग आली नव्हती, सासूबाईंना आली. "पोरी, पानी थांबलं," एवढेच त्या अंधारातून म्हणाल्या. घड्याळात पावणेचार झाले होते. टॉर्च घेऊन तळ्यापाशी गेले तर गप्पी वर आलेले, सगळे पृष्ठभागाशी तोंड लावून. मी बादली घेतली, तळ्यातले पाणी भरून खांद्यापर्यंत उचलले आणि फाडीवरून सोडले. पुन्हा भरले, पुन्हा सोडले. पाचव्या-सहाव्या बादलीला दंड भरून आले. तासाला तीन हजार लिटर म्हणजे अशा दोनशे बादल्या, दर अठरा सेकंदांना एक, चार फूट उंच. कागदावर लिहिलेला तो आकडा हातांना त्या रात्री पहिल्यांदा कळला. मला तो वेग जमणे शक्य नव्हते. मिनिटाला एक बादली, कधी त्याहून कमी, पण मासे हळूहळू पडत्या पाण्याच्या दिशेने जमू लागले होते. सासूबाई भिंतीला धरून बंगईपर्यंत आल्या होत्या आणि अंधारात, पाण्याच्या प्रत्येक आवाजाला एक, असे मोठ्याने मोजत होत्या. त्रेचाळीस म्हणाल्या आणि लाइन आली.